रताळ्याखालचे फुटाणे

माझ्या लेकीने आयुष्यात पहिला शब्द उच्चारला तो 'फुटा'. म्हणजे फुटाणे. 'आई' नाही, 'बाबा' नाही, फुटाणे. जिने इतकी वर्षं तिला समोर बसवून 'आ-ई, आ-ई' करत तोंड वासून दाखवलं होतं, त्या बाईला काय वाटलं असेल ते विचारू नका. मी आधी रडले, मग हसले आणि मग आमच्या यांच्यावर चिडले. फुटाण्यांची सवय यांनीच लावली होती.

तेव्हा आम्ही नेरला राहत होतो, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. हे कापसाच्या जिनिंगवर कामाला होते. संध्याकाळी घरी येताना स्टँडवरच्या गाडीवरून गरम फुटाण्यांची पुडी आणायचे. कपड्यांना सरकीचा वास आणि खिशात ती पुडी. फाटकाची कडी वाजली की लेक ओसरीवरून उठून दोन्ही हात पुढे करायची. हे लगेच पुडी तिच्या हातात द्यायचे आणि तिथेच आमच्या भांडणाला तोंड फुटायचं.

लेक डाउन सिंड्रोमची आहे. जन्मली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही सगळं करेल, पण उशिरा करेल. खरंच होतं ते. बसली उशिरा, चालली उशिरा. पण एकदा चालायला लागली तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन आली. बोलणं मात्र काही केल्या येईना. आठ वर्षांची झाली तरी तोंडून शब्द नाही. कानाची तपासणी झाली, कान चांगले निघाले. तिला सगळं कळतं असं मी म्हणायची. काहीच कळत नाही असं बाकीचे मनात म्हणायचे, आणि मला ते ऐकू यायचं.

आठवड्यातून दोनदा मी तिला एसटीने यवतमाळला न्यायची. तिथे एक मॅडम अशा मुलांना बोलायला शिकवायच्या. वयाने माझ्याहून लहान, आवाज अगदी मऊ, पण शिस्त पक्की. पहिल्याच महिन्यात त्या मला म्हणाल्या होत्या, "ताई, तिला काय हवंय ते तुम्ही फार पटकन ओळखता. तुम्ही ओळखू नका. तिला सांगू द्या."

तेव्हापासून आमच्या घरात दोन वाट्यांचा नियम सुरू झाला. एका वाटीत एक, दुसरीत दुसरं. दोन्ही तिच्यासमोर धरायच्या, विचारायचं, 'काय पाहिजे?' आणि थांबायचं. बोट दाखवू दे, आवाज काढू दे, मान हलवू दे, पण तिने काहीतरी केल्याशिवाय द्यायचं नाही. सांगायला सोपं वाटतं. समोर आपलं पोर भुकेलं बसलेलं असताना हात आवरून थांबणं काय असतं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. हा नियम मी यांना लावला, शेजारपाजाऱ्यांनाही लावला. कोणी तिला आपणहून पेढा दिला की मी मधे हात घालायची. गल्लीत माझ्या पाठीमागे मला 'इन्स्पेक्टर' म्हणायचे. म्हणू देत.

मला एकच भीती होती, आणि ती रात्रंदिवस असायची. आज हिच्या डोळ्यांवरून मला कळतं की हिचं पोट दुखतंय, हिला तहान लागली आहे, हिला तो लाल फ्रॉक नको आहे. उद्या मी नसेन तेव्हा कोणाला कळणार? जिला स्वतःचं मागता येत नाही तिला जगात कोण देणार? बाकी काही नाही आलं तरी चालेल, पण हिने मागायला शिकावं. एवढंच मला हवं होतं.

आमच्या गल्लीत भुलाबाई मोठ्या हौसेने बसायची. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन पाळीपाळीने एकेका घरी गाणी म्हणायला जायच्या. मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी कोपऱ्यावरच्या काकूंच्या कोनाड्यात असायचे. या काकू म्हणजे गल्लीचं हायकोर्ट. कोणाची सून नांदत नाही इथपासून कोणाच्या नळाला पाणी नाही इथपर्यंत सगळे निकाल त्यांच्या ओसरीवर लागायचे. भुलाबाई काकूंच्या घरची, पण टिपऱ्या सगळ्या गल्लीच्या. गॅरेजवाल्या भाभींच्या दोन्ही मुली ओढण्या कमरेला खोचून सगळ्यांत पुढे असायच्या. समोरच्या मास्तरीणबाई भुलाबाईला हात जोडायच्या नाहीत, त्यांच्या घरात बुद्धाचा फोटो होता. पण पोरी त्यांच्या ओसरीवर गेल्या की डबा घेऊन हसत बाहेर यायच्या.

खरी गंमत त्या डब्यातच असायची. गाणी संपली की त्या घरची बाई झाकण लावलेला डबा आणायची आणि पोरींसमोर वाजवायची. आत कोणता खाऊ आहे ते नुसत्या आवाजावरून ओळखायचं. ओळखला तरच झाकण उघडणार, नाही तर सगळ्यांनी 'हरलो' म्हणायचं. मग बायकांची आपसांत चढाओढ. कोणाचा खाऊ ओळखता येत नाही, यावर आठवडाभर मिरवणं. भाभी तर डब्यात कापड घालून आवाजच दाबून टाकायच्या. माझ्या माहेरी आम्ही बहिणी वासावरून ओळखायचो आणि ऐकून ओळखल्याचा आव आणायचो. आजही स्टीलचा डबा हातात आला की मी आधी तो कानाशी हलवते, मग उघडते. हे हसतात. हसू देत.

लेक त्या वर्षी पहिल्यांदा पोरींबरोबर निघाली. टिपऱ्या तालात पडायच्या नाहीत, पण पडायच्या जोरात. पहिली संध्याकाळ काकूंकडे होती. काकूंनी डबा वाजवला, खुळखुळ खुळखुळ आवाज आला. पोरी ओरडल्या, शेंगदाणे, मुरमुरे, साखरफुटाणे. आणि मधूनच माझी लेक म्हणाली, "फुटा."

सगळ्या तिच्याकडे वळल्या. काकूंनी झाकण काढलं. आत फुटाणे होते.

पोरींनी जो कल्ला केला तो बसस्टँडपर्यंत गेला असेल. टाळ्या, टिपऱ्या, कोणी तिला उचलून घेतलं. लेकीचे डोळे हसून बारीक झाले होते. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते. नुसता शब्द नव्हता तो. बरोबर शब्द होता. आवाज ऐकून, ओळखून म्हटलेला.

दुसऱ्या दिवशी भाभींकडे गेल्या. डबा वाजला. लेक म्हणाली, "फुटा." झाकण उघडलं, फुटाणे. मास्तरीणबाईंकडे, फुटाणे. पुढच्या घरी, फुटाणे. रोज लेक जिंकायची, झाकण उघडलं की सगळ्या 'हो!' म्हणून टाळ्या वाजवायच्या. आता तुम्ही म्हणाल, तुला संशय कसा आला नाही? नाही आला. आईला असला संशय येत नाही. मी मनाला सांगितलं, यंदा फुटाणे स्वस्त असतील. शिवाय घराघरातल्या बायका रोज नवं कुठून आणणार? मी पुरती आंधळी झाले होते, आणि फार खुशीत होते. दुपारी भांडी घासताना गाणी म्हणायची. ते दिवस आठवले की अजून छाती भरून येते, खोटे निघाले तरी.

त्या आठवड्यात यवतमाळला गेले तेव्हा मी मॅडमना दारातच सांगितलं, "बोलली. ऐकून ओळखते आता." मॅडमना खूप आनंद झाला. त्यांनी कपाटातून एक छोटा डबा काढला, आत काही तरी टाकलं आणि लेकीच्या कानाशी वाजवला. लेक म्हणाली, "फुटा." मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी झाकण उघडलं. आत खडूचे तुकडे होते. मग त्यांनी त्यात किल्ल्या टाकल्या. "फुटा." मग डबा रिकामाच हलवला. लेक त्यांच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "फुटा." मग टाळ्यांची वाट बघत बसली.

मॅडम माझ्याशी फार हळू बोलल्या. "ताई, तिला एवढं कळलंय की डबा हलला की हा शब्द म्हणायचा, मग सगळे खूश होतात. हेही कमी नाही. शब्द आला ना." पण मला पुढचं ऐकूच येत नव्हतं. शब्द आला होता, पण त्याच्यामागे काही नव्हतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

परतीच्या एसटीत लेक खिडकीशी बसून दोन्ही बाजूंच्या सोयाबीनकडे बघत होती. मी सगळ्या घरांचे डबे डोळ्यांसमोर आणत होते. गाडी नेरला पोचेपर्यंत माझा हिशेब जुळला होता आणि माझं डोकं तापलं होतं. स्टँडवर उतरल्यावर घरी न जाता, लेकीचा हात धरून, पिशवी खांद्याला तशीच ठेवून मी थेट काकूंच्या ओसरीवर गेले. भाभी तिथेच बसल्या होत्या, दोघी मिळून लसूण सोलत होत्या.

"काकू," मी म्हणाले, "साऱ्या घरी फुटाणेच काहून असतात व?"

काकूंनी वर बघितलंही नाही. "बस. पाणी पी आंदी."

"मले पाणी नाई पाह्यजे. तुमी सगळ्यायनं मिळून मले खोटं कायले सांगितलं?"

"खोटं कोण बोललं?" काकू शांतपणे म्हणाल्या. "डब्यात फुटाणे होते. पोरगी फुटाणे म्हणली. यात खोटं काय हाये ते सांग मले."

त्याने मी जास्तच चिडले. भाभी मधे पडल्या. "देखो दीदी, मी तं शेवयाच भूंजनेवाली होती. काकूनं म्हटलं, फुटाणेच ठेवा. बच्ची कितनी खुश होती, तुमीच पाह्यलं ना? काय बिघडलं मग?"

"काय बिघडलं?" माझा आवाज चढला. "ती शिकून राह्यली असं वाटलं मले. मॅडमसमोर तोंड वर करून सांगितलं मी. तुमी तिले न मागता देता, न ओळखता जिंकवता. आज तुमी हाये, मी हाये. उद्या मी नसली तं कोण तिच्या डब्यात फुटाणे टाकते? सांगा ना. कोण टाकते?"

काकूंच्या हातातला लसूण थांबला.  लेक माझ्या पदराआडून त्यांच्याकडे बघून हसत होती, कारण काकूंची ओसरी म्हणजे तिच्या जिंकण्याची जागा. मी तिला ओढतच घरी नेलं.

गल्लीने माझं ऐकलं. माझ्या तोंडाची भीती असेल किंवा काकूंचा निकाल असेल, पण दुसऱ्या दिवसापासून डबे खरे झाले. त्या संध्याकाळी पाळी गल्लीच्या टोकाच्या घरी होती. डबा वाजला, लेक म्हणाली, "फुटा." आत चिवडा होता. कोणी टाळी वाजवली नाही. पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. लेकीला वाटलं कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "फुटा." मग तिने त्या बाईच्या हातातून डबा घेतला आणि स्वतःच हलवला, जोरात, पुन्हा पुन्हा, बिघडलेला रेडिओ हलवावा तसा. त्यातून चिवडाच निघाला. तिने तो खाल्ला नाही.

दोन-तीन संध्याकाळी असं झालं. मग एके दिवशी तिने टिपऱ्या घेतल्याच नाहीत. पोरी हाका मारून गेल्या, ही ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसली. यांनी फुटाण्यांची पुडी आणली. कडी वाजली, कागद वाजला, तिने हात पुढे केले, पण तोंडातून आवाज नाही. मी म्हणाले, "बोल बाई, काय पाहिजे?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी थांबले. खूप वेळ थांबले. तिने हात खाली घेतले.

एकच शब्द होता, तोही गेला.

यांनी पुडी तिच्या मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेले.  मी चुकले असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं वाटत नाही. खोट्या टाळ्यांवर पोर वाढवता येत नाही. पण बरोबर असूनही माणूस रडतं, आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी आमच्या घरची पाळी होती. मी ठरवलं होतं, गल्लीला ओळखता येणार नाही असा खाऊ करायचा. माझा राग अजून उतरला नव्हता. नवरात्र नुकतंच संपलं होतं, बाजारात रताळी ढिगाने होती. रताळी उकडून त्याचे मोठे तुकडे डब्यात घातले तर डबा वाजतच नाही, नुसता धप् धप् होतो. सोलायला बसले तेव्हा लेक येऊन शेजारी बसली. एक गरम रताळं तिने उचललं, चटका बसला, फुंकर मारली, पुन्हा उचललं. मग एकेक तुकडा तिनेच डब्यात ठेवला. मी दाखवत होते, "हे रताळं. रताळं." ती मान हलवत होती, पण शब्द नाही. झाकण तिनेच लावलं, दोन्ही तळव्यांनी दाबून.

संध्याकाळी पोरी आल्या. अंगणात गाणी झाली. रीत अशी होती की घरात मुलगी असेल तर त्या घरचा डबा तिनेच वाजवायचा. मला वाटलं ही येणार नाही. पण ती आली. डबा पोटाशी धरून उंबऱ्यावर उभी राहिली. काकू, भाभी आणि आणखी दोघी-तिघी कंपाउंडजवळ उभ्या होत्या. माझ्या दारात त्या भांडणानंतर पहिल्यांदाच आल्या होत्या.

तिने डबा हलवला. धप्, धप्. पोरी विचारात पडल्या. कोणी म्हणालं अनरसे, कोणी म्हणालं केळी, भाभींच्या मोठीने पेरू सांगितला. मी प्रत्येक वेळी मान हलवत होते आणि मनातून खूश होत होते. शेवटी 'हरलो' म्हणायची वेळ आली.

पोरींच्या मागे काकूंची धाकटी नात उभी होती, चारेक वर्षांची. टिपऱ्या तिच्या हातात मावायच्या नाहीत आणि मोठ्या पोरी तिला कधी बोलू द्यायच्या नाहीत. ती महिनाभर सगळ्यांच्या मागे फिरली होती आणि सगळ्यांत मोठ्या टाळ्या फुटाण्यांनाच पडलेल्या तिने बघितल्या होत्या. ती बारीक आवाजात म्हणाली, "फुटाने."

मोठ्या पोरी हसल्या. "धप् धप् वाजते अन् म्हणे फुटाणे!" एक म्हणाली. लहानीचं तोंड एवढंसं झालं.

माझ्या लेकीने तिच्याकडे बघितलं. त्या डब्यात काय आहे हे अंगणात मी आणि ती, दोघींनाच माहीत होतं. तिने स्वतः भरला होता तो डबा, तिच्या बोटांना चटके बसले होते. ती उंबऱ्यावरून उतरली, मोठ्या पोरींना बाजूला सारत त्या लहानीसमोर गेली आणि म्हणाली, "हो."

स्पष्ट. अगदी तुम्ही-आम्ही म्हणतो तसं. मग डबा तिच्या हातात दिला आणि स्वतः टाळ्या वाजवायला लागली. एकटीच.

मी जागची हलले नाही. 'दे' म्हण, 'पाहिजे' म्हण, 'नको' म्हण, मी तिला कितीतरी शब्द घोकवले होते. 'हो' म्हणायला मी तिला कधी शिकवलंच नव्हतं. ते या गल्लीत ती रोज ऐकत होती, झाकण उघडलं की.

लहानीने अंगणातच फतकल मारून झाकण काढलं. आत रताळी. तिने वाकून बघितलं, मग वर बघितलं आणि तिचा ओठ बाहेर यायला लागला. त्यानंतर मी जे केलं ते विचार करून केलं नाही. मी आत गेले, यांची कालची पुडी फळीवर होती ती आणली आणि रताळ्यांवर उपडी केली.

"हायेत ना," मी म्हणाले. "खाली दबले होते."

 मग काकू पुढे आल्या, डब्यात वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "रताळ्याखालचे फुटाणे बाप्पा मी या जलमात पयल्यांदाच पाह्यले."

भाभी तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. हे दारात उभे होते, ते भिंतीकडे वळले. मी लेकीला जवळ घेतलं तेव्हा ती डब्याकडे हात करून म्हणाली, "फुटा." मी लगेच मूठभर दिले. वाटी नाही, थांबणं नाही. तो माझ्या नियमाला सुट्टीचा दिवस होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. यांना लोहाऱ्याच्या एमआयडीसीत काम मिळालं आणि आम्ही नेर सोडलं. इथे कंपनीच्या भोंग्यावर दिवस उगवतो आणि मावळतो. चांगलं घर आहे, नळाला पाणी आहे, यवतमाळ दहा मिनिटांवर. पण भुलाबाईच्या दिवसांत इथे संध्याकाळी कोणी टिपऱ्या घेऊन दारात येत नाही. एका हॉलमध्ये स्पर्धा असते, माइकवर गाणी होतात आणि सगळ्यांना बंद पाकिटातून चिवडा मिळतो. पाकिटावर छापलेलंच असतं आत काय आहे ते. मी एकदा गेले, पुन्हा गेले नाही. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. भाभींचं गॅरेज हायवेच्या रुंदीकरणात गेलं. त्या गल्लीत आता कोण राहतं ते मला माहीतही नाही, पण स्वप्नात घर म्हणून तीच गल्ली येते.

लेक आता सव्वीस वर्षांची आहे. माझ्याबरोबर पोळ्या लाटते, कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा चांगल्या घालते. शब्द आले, मोजकेच आले. मला 'आई' म्हणते, हे लिहून ठेवते, नाही तर तुम्ही विचारत बसाल. पण मागणं अजूनही कमीच. समोर ठेवलं ते खाते, दिलं ते घालते, विचारलं तर 'हो' म्हणते. सगळ्यालाच 'हो'. यांचे केस पांढरे झाले, माझे गुडघे गेले आणि ती जुनी भीती आता रोज माझ्याबरोबर जिना चढते. हो म्हणणाऱ्या माणसाला जग काय देईल याचा भरवसा नाही.

यंदा कोजागिरीला दुपारी दारावर थाप पडली. काकूंची ती धाकटी नात. आता यवतमाळला एका दवाखान्यात नर्स आहे, ड्युटी संपवून तशीच आली होती. हातात स्टीलचा डबा. मी ओळखला, काकूंचाच, झाकणाला जुना पोचा पडलेला.

"मावशी, आज पुनव हाये ना," ती मला म्हणाली. "म्हटलं, ताईकडून डबा ओळखून घ्यावं." मला बाजूला घेऊन तिने पर्सची चेन थोडी उघडून दाखवली. आत फुटाण्यांची पुडी होती, तिचा कागद वाजला. "आजी मरायच्या आंदी सांगून गेलती," ती हळूच म्हणाली. "तिच्याकडे जाशीन तं डब्यात काईबी ने, पन पर्समंदी फुटाणे ठेवजो."

 त्या दिवशी ओसरीवर मी ओरडले होते, उद्या मी नसली तर कोण टाकते फुटाणे. काकू तेव्हा गप्प बसल्या होत्या. उत्तर त्यांनी इतक्या वर्षांनी, असं, पाठवलं होतं.

लेक पलंगावर बसली होती. पोरीने तिच्यासमोर डबा धरला आणि हलवला. धप्, धप्. आम्ही दोघीही तिच्या तोंडाकडे बघत होतो, 'फुटा' ऐकायला, टाळ्या वाजवायला तयार. पोरीचा एक हात पर्सवर होताच.

लेकीने डबा तिच्या हातातून घेतला. कानाशी नेला, एकदा हलवला आणि मांडीवर ठेवला.

"रता," ती म्हणाली.

पोरीने माझ्याकडे बघितलं. मग झाकण काढलं. उकडलेली रताळी, मोठे तुकडे, अजून कोमट.

"हो," पोरगी म्हणाली. 

लेकीने त्यातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला. चावून संपवला. मग तिने दोन्ही हात पुढे केले, डब्याकडे नाही, पर्सकडे, आणि आमच्या दोघींकडे बघत म्हणाली, "फुटा दे."